चपला पायात ऱ्हाऊ द्या

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात एखादा मुलगा चपला बाहेर काढून आला, की वाघचौरे भाऊसाहेब त्याच्या अर्जाला हातही लावत नसत. "जा. पायात घालून ये." मुलगा बिचारा बोनाफाइड मागायला आलेला. त्याला वाटे, आपलं काहीतरी चुकलं. आणि चुकलेलं असेच, फक्त जगात इतर सगळीकडे जे बरोबर, ते या ऑफिसात चूक होतं. मुलगा बाहेर जाई, चपला घाली आणि उंबऱ्याशी घुटमळत राही. मग आतून आवाज येई, "हां, आता ये. रुबाबात ये. बाकी मग बघू."

मी तिथं वनस्पतिशास्त्राची नवी लेक्चरर म्हणून लागले ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. घर औरंगाबादला, कॉलेज लासूर स्टेशनला. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं. रुजू व्हायला गेले तेव्हा आवारात चिखल झालेला. म्हणून शहाण्यासारख्या सँडल दाराशी काढल्या आणि आत पाऊल टाकलं. टेबलामागून एक उंच, हडकुळा माणूस ताडकन उभा राहिला.

"मॅडम, तुम्हीबी? आवो, येमेस्सी झालेलं माणूस जर उंबऱ्याला भ्यायलं, तर ह्या लेकरांनी कुणाकडं बघायचं?"

मी मुकाट्यानं परत गेले, चिखलानं भरलेल्या सँडल चढवल्या आणि स्वच्छ फरशीवर ठसे उमटवत टेबलापर्यंत आले. ते ठसे बघून भाऊसाहेबांना इतका आनंद झाला, की माझ्या रुजू अहवालावर त्यांनी एकाऐवजी दोन शिक्के मारले. फरशी पुसणाऱ्या बाईंचं माझ्याविषयीचं मत मात्र त्या दिवशी जे बनलं ते कायमचं.

भाऊसाहेब म्हणजे आमच्याकडे कारकुनाला मानानं म्हणतात. पूर्ण नाव तुळशीराम वाघचौरे, हुद्दा हेडक्लार्क. ऑफिसात दुसरा क्लार्क नव्हता, त्यामुळे ते नेमके कुणाचे हेड होते हे कुणाला सांगता आलं नसतं. कपडे अगदी साधे, पांढरा बुशकोट, खिशात तीन पेनं. पण चपला! जाड काळ्या कातड्याच्या, दहा नंबरच्या, रोज सकाळी पॉलिश केलेल्या. हा माणूस समोरून येताना आधी चपला दिसायच्या. वय विचारलं तर सांगायचे, "पोलीस ॲक्शनच्या साली झालो जी. मी आलो आन् निजामाचं राज गेलं. पायगुण आपला!" वडिलांच्या उर्दू शाळेमुळे घरात आलेले शब्द त्यांच्या तोंडी होते. सहीला ते सही म्हणत नसत, दस्तखत म्हणत. "मॅडम, इथं एक दस्तखत मारा, इज्जतीत मारा, मुंगी मेल्यावानी नको."

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी औरंगाबादच्या विद्यापीठाचं एक पत्र आलं. खेड्यापाड्यांतली, मागास आणि भटक्या समाजांतली, ज्यांच्या घरातलं कुणी कधी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही अशी बारावीची मुलं-मुली. त्यांच्यासाठी मे महिन्यात आठ दिवसांचा परिचय वर्ग. राहणं, जेवण, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं दाखवणार. आणि त्यातून निवडलेल्यांना बारावीनंतर थेट विद्यापीठातल्याच पाच वर्षांच्या एम.एस्सी.साठी मुलाखतीला बोलावणार. प्राचार्यांनी ते पत्र वाचलं, "वा, चांगलं आहे," म्हणाले आणि फाइलला लावायला भाऊसाहेबांकडे दिलं.

भाऊसाहेबांनी ते फाइलला लावलं नाही. हातात धरून ते वर्गावर्गांत फिरले. दोन दिवसांत अकरा नावं गोळा केली, अकरा अर्ज स्वतःच्या हातानं भरले, आणि तिसऱ्या दिवसापासून 'पूर्वतयारी' सुरू केली. मला वाटलं, सामान्यज्ञान वगैरे घेतील. मी दोन पुस्तकंही काढून ठेवली.

"पुस्तकं काय करायची, मॅडम? आभ्यास लेकरांना येतोच की. येत न्हाई ते दार."

आणि खरंच, पंधरा दिवस रोज दुपारी त्यांनी त्या अकरा जणांना दारातून आत यायला शिकवलं! प्राचार्यांच्या खोलीचं दार स्प्रिंगचं होतं, ढकललं की परत येऊन पाठीत बसायचं. ते ढकलून, धरून, न अडखळता आत कसं यायचं. "आत येऊ का सर?" असं दाराबाहेरून कुजबुजायचं नाही. "विचारायचं न्हाई, सांगायचं. येतो सर! येते सर! आन् डायरेक आत." मग खुर्ची. आमची मुलं खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची, कुणी उठवायच्या आत उठता यावं अशी. भाऊसाहेब मागून येऊन खांदे धरून त्यांना मागं सरकवायचे. "पाठ टेकव. खुर्चीला पाठ कशापायी दिलीय? सुताराला लाकूड जास्त झालं व्हतं म्हणून?"

कॉलेजात चांगल्या खुर्च्या दोनच. म्हणून एके दिवशी अकराच्या अकरा जण त्यांनी रेल्वे स्टेशनच्या वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये नेऊन बसवले. प्रत्येकाचं प्लॅटफॉर्म तिकीट रीतसर काढलेलं. स्टेशनमास्तर धावत आले. "भाऊसाहेब, ही काय भानगड? कुठल्या गाडीनं जायचंय यांना?"

"ह्यांची गाडी जूनमंदी हाय," भाऊसाहेब म्हणाले. "तवर बसायची प्रॅक्टिस चाललीय." मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण तासभर बसू दिलं. जाताना त्यांनी स्वतःच एका मुलाला सांगितलं, "अरे, पाठ टेकव ना."

त्या अकरांत भामा शिंगाडे होती. कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या मेंढपाळाची मुलगी. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचे, पाऊस पडला की परत वर चढायचे. ही लासूरला मावशीकडे राहून शिकायची. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. एकदा मी वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने दाखवत होते, लॅटिन नावं सांगत होते, तेव्हा शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "हे मेंढरू खात न्हाई." मी थांबले. पुढचा नमुना उचलला. "हे खातं, पण उन्हाळ्यातच." तासाच्या शेवटी मला त्या नमुन्यांविषयी जेवढं ठाऊक होतं त्याच्या दुप्पट कळलेलं होतं. अशी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि खरं सांगते, नंतरही नाही.

वेटिंग रूममध्ये तिनं एकटीनं भाऊसाहेबांना दाद दिली नाही. "पाठ टेकवली की झोप येती, भाऊसाहेब. आमच्यात बसून झोपलं की लांडगा येतो."

"विद्यापीठात लांडगा न्हाई."

"बघून सांगते," भामा म्हणाली.

मे महिन्यात भाड्याच्या जीपमधून आम्ही सगळे विद्यापीठात पोचलो. मी मुलींबरोबर आठ दिवस राहणार होते, भाऊसाहेब नुसते सोडायला आलेले. विभागाच्या दारात आलो. आत फरशी अशी चकचकीत, की छतावरचे पंखे तिच्यात फिरताना दिसत होते. आणि पंधरा दिवसांची सगळी तालीम पाण्यात! एकानं वाकून चपला काढल्या, त्याचं बघून दुसऱ्यानं, क्षणात अकरा जोड दाराशी ओळीनं. घरी, देवळात, मास्तरांच्या दारात, लखलखीत जागा दिसली की पायातलं काढायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

मागं कडुनिंबाखाली उभे असलेले भाऊसाहेब गरजले, "ए! पायात ऱ्हाऊ द्याऽऽ!"

आवाज असा, की शेजारून चाललेल्या एका प्राध्यापकांनी दचकून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मुलांनी घाईघाईनं चपला चढवल्या, दोघांनी एकमेकांच्या चढवल्या, आणि सगळी वरात आत गेली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, चला ना तुम्हीही."

"मला काय काम आत? जीपवाल्याला बघून येतो."

जीपवाला आमच्या शेजारीच उभा होता. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

ते आठ दिवस काय सांगू! मुलं आधी दबकली, मग धिटावली, मग आवरेनात. भामानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग माझा हात गच्च धरून ओरडली, "मॅडम, पानाला तोंडं आस्त्यात! हजारो तोंडं! आन् ती उघडी हायेत!" पुस्तकात तिनं पर्णरंध्रं वाचलेली होती, पाठही केलेली होती. पण वाचणं वेगळं. त्या संध्याकाळी ती झाडांखालून चालताना वर बघत चालली होती, आणि मी तिच्याकडे बघत.

वर्ग संपला, मुलं आपापल्या घरी गेली, भामा आईवडिलांकडे नदीकाठी. जून आला, बारावीचा निकाल लागला, भामाला झकास मार्क पडले. पाऊस लांबला होता. आणि एका बुधवारी कॉलेजात पत्र आलं. भामा म्हाळू शिंगाडे, मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता, पालकांसह. हजर न राहिल्यास जागा पुढच्या उमेदवाराला. म्हणजे हातात उरला एक दिवस, आणि मुलगी मेंढरांबरोबर गंगापूर तालुक्यात कुठंतरी, जिचा पत्ता म्हणजे जिथं चारा असेल तिथं!

"मॅडम, उद्या रजा टाका," भाऊसाहेब म्हणाले. "माझी मी टाकलीय. तुमचीबी टाकलीय, फक्त दस्तखत राहिलंय."

गुरुवारी सकाळी आम्ही गंगापूरची जीप धरली. पुढं पाच, मागं अकरा, आणि भाऊसाहेब मागच्या पायरीवर लटकलेले. रस्त्यात दिसेल त्याला ओरडून विचारत होते, "मेंढरं दिसली का वोऽऽ?"

"कुणाची?"

"शिंगाड्याची!"

"किती हायेत?"

"मी मोजली न्हाईत!"

गंगापूरच्या पुढं जीप सोडली आणि उसाच्या कडेनं चालत निघालो. एक कळप सापडला, पण तो दुसऱ्याच कुणाचा. मालकानं आम्हाला गिऱ्हाईक समजून एक मेंढा धरून आणला आणि त्याचा जबडा उघडून दात दाखवायला लागला. भाऊसाहेब घाईत म्हणाले, "आम्हाला मेंढरू नको, आम्हाला शिंगाड्याची पोरगी पाहिजे."

माणसाचा चेहरा एकदम खुलला. "आस्सं व्हय! मग आधी सांगायचं की. लई गुणाची पोर हाय. नवरदेव कुठंय?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ह्या नवरदेवाच्या भैन का?"

आम्ही समजावू लागलो, पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. मेंढा तसाच सोडून तो पुढं पळत सुटला, आम्ही त्याच्या मागं. दोन बांध आणि एक ओढा ओलांडून त्यानं आम्हाला थेट शिंगाड्यांच्या तळावर नेऊन उभं केलं, आणि आधीच ओरडून सांगितलं, "म्हाळूऽ, सोयरीक आली!" क्षणात घोंगडी अंथरली गेली. भामाची आई तिला तोंड धुवायला लोटत होती. भामा काखेत कोकरू धरून आमच्याकडे बघत उभी होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

भाऊसाहेबांनी घोंगडीवर बसून पत्र उघडलं आणि मोठ्यांदा, अक्षर न अक्षर वाचलं. अगदी जावक क्रमांकासकट.  सोयरीक आणणारा माणूस जरा हिरमुसला.

म्हाळूबांनी पागोटं सारखं केलं. "भाऊसाहेब, पाच वर्सं म्हंजे लई झाली."

"लई न्हाई. कोकराचं मेंढरू व्हईस्तवर."

"कोकराचं मेंढरू वर्सात व्हतं."

"हे जरा मोठं मेंढरू हाय," भाऊसाहेब म्हणाले, आणि म्हाळूबा हसले. मग हसू थांबलं. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "पण मला एक सांगा. तिथं आत घेत्यात का आमच्या पोरीला?"

इतका वेळ घडाघडा बोलणाऱ्या भाऊसाहेबांनी पत्राची घडी घातली.  मग खालच्या आवाजात म्हणाले, "आत घ्यायची वाट बघायची न्हाई, म्हाळूबा. तेवढीच एक चूक करायची न्हाई."

म्हाळूबांनी बायकोकडे पाहिलं. ती भामाची पिशवी भरायला उठली, तेव्हाच मला कळलं की झालं. "मला जित्राब सोडून यायला जमत न्हाई," म्हाळूबा म्हणाले. "त्या दिसापुरते तुम्हीच तिचे वडील. जिथं अंगठा लागंल तिथं तुमचं दस्तखत." भामानं कोकरू आईकडे दिलं, परत घेतलं, त्याच्या कपाळावर ओठ टेकवले, परत दिलं.

ती त्या दिवशी माझ्या घरी राहिली. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं भाऊसाहेब आले, दाढी गुळगुळीत, चपला आरशासारख्या. विद्यापीठाच्या फाटकापासून विभागापर्यंत बरंच चालायचं. पावणेअकरा वाजलेले. आम्ही झपाझप निघालो, आणि इमारत समोर दिसायला लागली तेवढ्यात भामाच्या चपलेचा अंगठा तुटला.

मी पदराची पिन काढली. भाऊसाहेबांनी गुडघे टेकून ती लावली. चार पावलांत निघाली. परत लावली, परत निघाली. चांभार फाटकाबाहेर, तिथून परत यायला अर्धा तास. मी माझ्या सँडल काढल्या, पण माझा पाय चार नंबरचा आणि भामाचा पाय माळरानं तुडवून रुंद झालेला. तिची नुसती बोटं आत गेली.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," भामा म्हणाली. "अनवाणीच जाते. मला काय सवय न्हाई का?"

"न्हाई!" भाऊसाहेब असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. "अनवाणी जायचं न्हाई! इथं न्हाई!" आणि त्यांनी आपल्या दहा नंबरच्या काळ्या चपला काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या. "घाल."

"आवो, तुम्ही..."

"घाल म्हणतो ना! आन् रुबाबात जा."

भामानं त्या घातल्या. पायांपुढं चार-चार बोटं चप्पल मोकळी. अकराला दोन मिनिटं कमी असताना ती त्या दाराशी गेली, थांबली नाही, वाकली नाही. "येते सर!" असा खणखणीत आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला आणि त्यापाठोपाठ चकचकीत फरशीवर फटाक फटाक फटाक, अशा चपला आत गेल्या.

मी आनंदानं वळले तर भाऊसाहेब कडुनिंबाखालच्या सावलीच्या तुकड्यात अनवाणी उभे होते. जमीन तापलेली, त्यामुळे एक पाय वर, एक खाली असं चाललेलं. आणि डोळे दाराकडे. मी विचारलं, "भाऊसाहेब, असं ओरडलात का एवढं? मुलाखत काय पायांची होती?"

त्यांनी वर घेतलेला पाय खाली टेकवला. मग म्हणाले, "मी मॅट्रिक झालो त्या साली प्रवेशाच्या मुलाखती ह्याच दारात व्हत्या, मॅडम. मला चांगले मार्क पडले व्हते. पायात चपला थोरल्या भावाच्या. घरात जोड एकच. निघताना त्यो म्हणला, तुळशा, हरवून आलास तर घरात घेणार न्हाई. इथं आलो. आत लखलखीत फरशी. काढल्या. आन् काढल्यावर ध्यानात आलं, दुसऱ्या कुणीच काढल्या न्हाईत. एकटाच जोड दारात. कुणीबी उचलला असता. म्हणून बसलो राखण करीत."

"मग?"

"मग नाव पुकारलं. तुळशीराम वाघचौरे. उठलो. ठेवून जावं तर भ्या वाटतंय, हातात घेऊन जावं तर लाज वाटतीय. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मंग पुढच्याचं नाव घेतलं."

"अहो, पण घालून का नाही गेलात?"

"ते सुचलंच न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली. आता रोज सुचतं."

मला रडूही आलं आणि रागही आला, आणि तो नेमका कुणाचा राग होता हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भावाला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? चपला परत दिल्या. त्यो खूश झाला." ते जरासे हसले. "जाऊ द्या. आज माझ्या चपला तरी गेल्या आत."

इतक्यात फटाक फटाक करत भामा बाहेर आली. धावतच. "भाऊसाहेब! मॅडम! घेतलं! मला घेतलं!" श्वास न घेता ती सांगत सुटली. पाच जण बसले होते. त्यांनी आधी चपलांकडं बघितलं, मग तिच्याकडं. मेंढरं काय काय खातात विचारलं, ती सांगत गेली, एक सर लिहून घेत गेले. कोवळी ज्वारी खाल्ली तर मेंढरू मरतं असं ती म्हणाली. का मरतं, त्यांनी विचारलं. "मी म्हणले, मरतं ते आम्हाला ठाव हाय. का मरतं ते तुम्ही सांगणार म्हणून तर आले. तर ते सगळे हसले! आन् भाऊसाहेब, लांडगा न्हाई आत. बघितलं मी."

भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात दारात शिपाई आला, हातात कागद. त्यानं मान वर करून आवाज दिला, "भामा शिंगाडेचे पालक! तुळशीराम वाघचौरेऽऽ!"

भाऊसाहेब जागच्या जागी थिजले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी, धुळीनं माखलेले पाय.

"तुळशीराम वाघचौरेऽऽ!" दुसऱ्यांदा.

 'जा ना, जा ना,' असं मी मनात म्हणत होते. भामाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं दोन्ही चपला पायातून काढल्या, वाकून त्यांच्या पायांपुढं नीट सरळ लावून ठेवल्या, आणि त्यांच्याच ठसक्यात म्हणाली, "भाऊसाहेब, बघताय काय? पायात घाला. डायरेक आत."

शिपायानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं होतं.

"हजर!" भाऊसाहेब ओरडले. "हजर हाये जी! येतो सर!" आणि चपलांत पाय सरकवून ते निघाले. उंबऱ्याशी त्यांची पाठ किंचित वाकल्यासारखी मला वाटली. पण ते थांबले नाहीत.

भामा आणि मी बाहेर उभ्या राहिलो, ती अनवाणी, हातात तुटकी चप्पल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एका सहीला एवढा वेळ? पंधरा मिनिटांनी मी हळूच दारातून डोकावले. सही कधीच झाली होती. कागद उचलला गेला होता, समोरचे साहेब दुसऱ्या मुलाशी बोलत होते, भाऊसाहेबांना कुणी बस म्हणत नव्हतं आणि ऊठही म्हणत नव्हतं. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. चपला पायात होत्या. आणि खुर्चीला पाठ पूर्ण टेकवून ते बसले होते.